आई ‘सोशिक’ नव्हती

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाची जाहिरात पेपरात द्यायची होती. दादाने मजकूर तयार करून मोबाइलवर पाठवला. वाचला. ‘प्रेमळ, मनमिळाऊ, सोशिक, कुटुंबवत्सल. ज्यांनी चंदनासारखा देह झिजवून संसाराचा गाडा ओढला, त्या आमच्या आईस विनम्र अभिवादन.’ खाली मुलं, सुना, जावई, नातवंडं आणि समस्त परिवार, कामठी.

दोनदा वाचला. मग दादाला फोन केला.

‘‘दादा, ही कोणाची आई आहे रे?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘आपली आई सोशिक होती?’’

तिकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग दादा हसायलाच लागला. ‘‘नव्हती गं. पण जाहिरातीत असंच लिहितात न!’’

असंच लिहितात, हे मात्र खरं. मी स्वतः वर्तमानपत्रात काम करते. रोज असे दहा-वीस मजकूर डोळ्यांखालून जातात. गेलेला पुरुष असला तर तो ‘कर्तबगार’ असतो, ‘दानशूर’ असतो, गेलाबाजार ‘स्पष्टवक्ता’ तरी असतो. बाई गेली की ती हटकून सोशिक. आपल्याकडे एकजात सगळ्याच बाया सोशिक कशा काय मरतात, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. आपल्या घरची जाहिरात आली तेव्हा पडला.

मैत्रिणींनो, आज म्हणूनच थोडं घरचं सांगणार आहे. माझी आई नर्सबाई होती. कामठीतच जन्मली, कामठीतच सासरी आली. बाविसाव्या वर्षापर्यंत तिचं लग्न झालं नव्हतं. त्या काळात आमच्या वस्तीत ही चर्चेची गोष्ट होती. आधी ट्रेनिंग पूर्ण करीन, नोकरी लागेल, मग पाहू, असं तिने घरी सांगितलं होतं. आणि तिच्या पाठीशी घरात एकच माणूस उभं होतं, ते म्हणजे तिची आई, माझी आजी. आजीबद्दल पुढे सांगतेच.

आईची नेमणूक मौद्याकडच्या एका उपकेंद्रात झाली. चार-पाच गावं तिच्याकडे. बाळंतपणं, लसी, गर्भार बायांची तपासणी, कुटुंबनियोजनाचा प्रचार, सगळं एकटीने. आधी एसटीने जायची, मग पायी. पुढे १९७९ साली सोसायटीचं कर्ज काढून तिने लूना घेतली. लूना आठवते ना? पुण्याच्या कायनेटिकने १९७२मध्ये बाजारात आणली होती. पाय मारून सुरू करायची, आणि चढावर दमली की पुन्हा पाय मारायचे. अर्धी सायकल, अर्धी मोटरसायकल! आईला ती चालवायला कोणी शिकवली नाही. बाबांनाच येत नव्हती. रविवारी सकाळी छावणीच्या रिकाम्या रस्त्यावर ती एकटी जायची आणि गुडघे फोडून घरी यायची. तिसऱ्या रविवारी बाबांना मागे बसवून गोराबाजारातून फिरवून आणलं. पानठेल्यावरची मंडळी किती दिवस बाबांना ‘‘काय बापू, आज डबलसीट नाही का?’’ म्हणून छळत होती. बाबा बिचारे सोशिक! सोशिक कोणी असेल आमच्या घरात तर ते.

पावसाळ्यात एकदा नाल्याला पूर होता आणि पलीकडच्या गावात एक पहिलटकरीण अडली होती. रात्रीचे नऊ वाजले असतील. आईने लूना अलीकडच्या घरी लावली, बॅग डोक्यावर घेतली आणि कोळ्याला उठवून डोंग्यातून पलीकडे गेली. बाई सुटली, बाळही वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली ती चिखलाने माखलेली. आल्या आल्या आम्हाला म्हणाली, ‘‘भाजी कोणती केली?’’ बस्स. डोंग्याची गोष्ट आम्हाला आठवड्याने त्या गावच्या माणसाकडून कळली.

एकदा तीन महिने तिचा पगार कुठल्याशा कागदासाठी अडला होता. चौथ्या महिन्यात ती डबा घेऊन त्या कार्यालयात गेली आणि बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी स्वेटर विणायला घेऊन गेली. साहेबाने विचारलं, ‘‘बाई, किती दिवस बसणार?’’ आई म्हणाली, ‘‘स्वेटर संपेपर्यंत. हा झाला की मोठ्याचा सुरू करतो.’’ त्याच संध्याकाळी कागद निघाला. तो अर्धवट राहिलेला स्वेटर पुढे माझ्या वाट्याला आला.

आता ही बाई सोशिक म्हणायची?

पण खरं सांगायचं तर आमचीही तिच्याबद्दल तक्रार असायची. माझ्या दहावीच्या पहिल्या पेपराला ती घरी नव्हती. वेणी शेजारच्या काकूंनी घालून दिली. सणावारी पाहुणे यायचे आणि आई कुठल्या तरी खेड्यात. १९९५नंतर पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले, तेव्हा तर आम्ही घरच्या कार्यक्रमाच्या तारखा तिला विचारूनच धरायचो. मी तिच्यावर रागवायची. ‘‘तुला तुझ्या बाया जास्त लाडक्या,’’ असं एकदा तोंडावर बोलले. ती म्हणाली, ‘‘तुला वेणी घालणारं कोणीतरी आहे. तिथं कोणीच नसते.’’ तेव्हा हे उत्तर मला आवडलं नव्हतं. आजही ते पूर्ण आवडतं, असं म्हणणार नाही. पण ही तक्रारसुद्धा तिच्या आयुष्याचा भाग आहे आणि ती जाहिरातीतल्या ‘कुटुंबवत्सल’ शब्दात मावत नाही.

दादाला मी म्हटलं, मजकूर मी लिहिते. लिहायला बसले आणि लक्षात आलं की, मला तर काहीच नीट माहीत नाही. आईचं ट्रेनिंग कोणत्या साली झालं? लूना कितीची होती? पहिला पगार किती? त्याचं तिने काय केलं? पन्नास वर्षं जिच्या पोटाशी राहिले, तिच्याविषयी साधे दोन कागद भरत नव्हते. आणि आजीचं तर विचारूच नका.

आजी विड्या वळायची. कामठीत हे सांगण्यात काही नवल नाही. एका पिढीपूर्वी कामठीतल्या किती तरी घरांत बाया सूप मांडीवर घेऊन विड्याच वळत बसलेल्या दिसायच्या. इंग्रजांनी १८२१मध्ये कन्हान नदीच्या काठी छावणी वसवली, तिथून हे गाव वाढलं. आज तिथे गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. गावातल्या बायांच्या हाताला मात्र छावणीने नाही, विडीनेच काम दिलं. तेंदूपत्ता आदल्या रात्री भिजवायचा, सकाळी कात्रीने मापात कापायचा, चिमूटभर जर्दा, गुंडाळी, दोरा. बोटं अशी चालायची की, डोळ्यांनी पाहायची गरज नाही. हजारावर मजुरी, आणि त्यातही देताना छाट. वाकडी आहे, सैल आहे म्हणून मूठभर विड्या बाजूला फेकायच्या, त्यांचे पैसे नाहीत. विडी कामगारांसाठी वेगळा कायदा १९६६ साली झाला. आजीचं तारुण्य त्याच्या आधीच संपलं होतं.

ही आजी भर पावसाळ्यात कन्हानमध्ये पोहायची. नऊवारीचा काचा मारून. माझ्या आईला आणि मावशीला तिनेच पोहायला शिकवलं. नवरा वारल्यावर, म्हणजे आजोबा गेल्यावर, पुढल्याच वर्षी ती एकटी आगगाडीत बसून भिलाईला मावशीकडे गेली. बरोबर ना माणूस, ना चिठ्ठी. अक्षरओळख फार तर सही करण्यापुरती. ‘‘भिलाई कशी ओळखली गं?’’ आम्ही विचारायचो. ‘‘गाडीत बसलेल्या पोराले सांगून ठेवलं होतं, भिलाई आली की मले उठव. त्याले दोन लाडू देले. पोरगं झोपलं, मीच त्याले दुर्गले उठवलं,’’ असं म्हणून ती जी हसायची!

पण तिची सगळ्यात आवडती गोष्ट होती नागपूरच्या सभेची. जुलै १९४२ची. नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्गाची मोठी परिषद झाली होती. २० तारखेला महिलांचं वेगळं अधिवेशन होतं. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः बायांसमोर बोलले. हजारोंनी बाया आल्या होत्या. त्या काळात, तेही मजुरी बुडवून. कामठीहून आमची आजी गेली. कडेवर लेकरू घेऊन, वस्तीतल्या सात-आठ बायांबरोबर, दहा मैल पायी. सासूने म्हटलं, जायचं नाही. आजी म्हणाली, जाते. सासू म्हणाली, लेकरू मी सांभाळणार नाही. आजी म्हणाली, मग घेऊन जाते.

भोंग्यातून बाई बोलताना तिने तिथे पहिल्यांदा ऐकलं. ‘‘बाप्पा, बाई अन् इतक्या जोरानं!’’ हे ती पन्नास वर्षांनीही तितक्याच नवलाने सांगायची. बाबासाहेबांनी काय सांगितलं, ते तिने तिच्या परीने पाठ करून ठेवलं होतं. पोरींना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न झालं तर नवऱ्याच्या बरोबरीने उभ्या राहा, त्याच्या दासी होऊ नका. त्या अधिवेशनात जे ठराव झाले, त्यांत गिरणीत आणि विडी कारखान्यात काम करणाऱ्या बायांना पगारी रजा मिळावी, म्हातारपणी पेन्शन मिळावं अशीही मागणी होती. १९४२ साली! विडीवालीला पेन्शन! आजीला ठराव बिराव काही ठाऊक नव्हते, पण ‘लग्नाची घाई करू नका’ हे तिने इतकं मनावर घेतलं की, तीस वर्षांनी आईच्या लग्नाचा विषय निघाला, तेव्हा घरादाराशी भांडायला ती एकटी पुरली.

कामठीच्या बायांना हे सगळं एकदम आभाळातून पडलं नव्हतं, हेही सांगायला हवं. बाबू हरदास कामठीचेच. त्यांनी कामठीत रात्रीच्या शाळा काढल्या, विडी कामगारांना संघटित केलं, सहकारी तत्त्वावर विडीचं काम सुरू करून पाहिलं. १९३७मध्ये ते निवडून कायदेमंडळात गेले आणि १९३९मध्ये वयाच्या पस्तिशीतच वारले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे तेच. आजीच्या पिढीने त्यांना पाहिलेलं होतं.

आणि त्याच्याही आधी, याच नागपूर-कामठी रस्त्यावर एक लहान पोरगी डोक्यावर ओझी वाहत होती. जाईबाई चौधरी. तुमच्यापैकी किती जणींनी हे नाव ऐकलंय? जन्म १८९२, गाव उमरेड. १८९६च्या दुष्काळात कुटुंब नागपूरला आलं. नवव्या वर्षी लग्न झालं. पोटासाठी ही मुलगी हमाली करायची, नागपूर-कामठी अशी ओझी न्यायची. एका मिशनरी बाईने, ग्रेगरी त्यांचं नाव, तिला पाहिलं आणि एका मिशन शाळेत शिक्षिकेचं काम मिळवून दिलं. महिना चार रुपये. पुढे लोकांना कळलं की, शिकवणारी बाई अस्पृश्य आहे. मुलं शाळेतून काढून घ्यायला लागले. नोकरी गेली. दुसरी कोणी असती तर पुन्हा हमाली करायला लागली असती. जाईबाईंनी १९२२मध्ये नागपुरात मुलींसाठी स्वतःची शाळाच काढली, संत चोखामेळा कन्या शाळा. घरोघर फिरून मुली गोळा केल्या. पुढे १९३७मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन झालं. शिकल्या-सवरल्या, पुढारलेल्या बायांचं. तिथे जाईबाईंना जेवायला वेगळं बसवलं. याचा निषेध करायला १ जानेवारी १९३८ला दलित बायांनी नागपुरात सभा घेतली.

मला या माहितीत सगळ्यात मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. ही माहिती आपल्यापर्यंत आली कशी? तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या बायांना, त्यांच्या नातेवाइकांना विचारत फिरल्या, जुने अंक धुंडाळले, म्हणून. त्यातून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९मध्ये निघालं. त्या विचारायला गेल्या नसत्या, तर यातल्या किती तरी जणी आज कुठल्याच कागदावर सापडल्या नसत्या.

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव तर सगळ्यांना माहीत असतं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते ३६च्या दरम्यान आलं. पण मुलगा देवदत्त त्यांच्या मागे लागला, आई तू लिही, तू लिही म्हणून. शेवटचा भाग तर त्यानेच पुरा केला. पुढे नातू अशोक टिळकांनी त्यावर टिपा देऊन नवी आवृत्ती काढली. मुलाने लकडा लावला नसता, तर मराठीतलं एवढं मोठं पुस्तक लक्ष्मीबाईंच्या पोटातच राहिलं असतं. आपण मात्र आईला काय विचारतो? माझा मोबाइल चार्जर कुठे आहे?

तर मी एक शंभरपानी वही आणली. आजीची गोष्ट पहिल्या पानावर लिहायची ठरवलं. सभा १९४२ची, हे पक्कं. कडेवर लेकरू होतं, तो आमचा मामा, हेही पक्कं. मामाला तर घरात सगळे त्यावरून चिडवायचे. ‘‘हा बाबासाहेबांच्या सभेत मुतला होता,’’ म्हणून. मामाही ऐटीत सांगायचा. मामाचा जन्म लिहावा म्हणून मामीकडून त्याचा शाळेचा दाखला मागवला. त्यावर तारीख होती १ जुलै १९४४.

मी आधी हसले. १ जुलै म्हणजे गुरुजींनी घातलेली तारीख, आमच्याकडे कित्येकांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. पण साल? गुरुजी पोराला शाळेत घालताना वय वाढवायचे, नाही तर कमी करायचे. दोन वर्षांचा फरक पडू शकतो. तरी मनात राहिलंच. मामा तर गेला. विचारायला आता एकच माणूस उरलं होतं, मावशी. सत्त्याहत्तर वर्षांची. मी कामठीला गेले. आता कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो झाली आहे. तिथून ऑटोने. आजी ज्या रस्त्याने दहा मैल चालली, तो रस्ता मी पाऊण तासात, एसीचा वारा खात.

मावशीला दाखल्याचं सांगितलं. ती पोळ्या करत होती. म्हणाली, ‘‘बरोबर आहे. तो चव्वेचाळीसचाच.’’

‘‘मग सभेत कडेवर कोण होतं?’’

मावशीने तवा उतरवला. गॅस बंद केला. ‘‘मोठी होती एक. मामाच्या आधीची.’’

आजीला एक मुलगी होती. सभेच्या वेळी वर्षाचीही नसावी. पुढच्या उन्हाळ्यात तापाने गेली. सभेनंतर जवळजवळ दहा महिन्यांनी. पण सासूने सगळ्या वस्तीत सांगितलं, पोरीला पावसापाण्याची सभेला नेली, म्हणून गेली. दहा महिन्यांनंतरच्या तापाचा त्या पावसाशी काय संबंध? तो लावला गेला. आणि बाई जेव्हा घराबाहेर पाऊल टाकते, तेव्हा नंतर घरात जे जे वाईट होतं, ते त्या पावलाच्या नावावर लिहायची पद्धत आपल्याकडे अजून गेलेली नाही. तुम्हीही हे कधी ना कधी ऐकलं असेलच.

आजीने कोणालाही उत्तर दिलं नाही. पण सभेची गोष्ट सांगणंही सोडलं नाही. तिने फक्त त्यातलं लेकरू बदललं. की मामा मोठा झाल्यावर इतरांनी बदललं आणि तिने ते तसंच राहू दिलं? मावशीलाही ते सांगता आलं नाही. आजीने मावशीला हे सांगितलं, तेही फक्त एकदा. मावशीचं पहिलं मूल भिलाईला गेलं, तेव्हा. आजी जी एकटी गाडीत बसून भिलाईला गेली होती ना, ती यासाठी गेली होती. लाडू आणि दुर्गची गंमत आम्ही पन्नास वेळा ऐकली होती. ती कशासाठी चालली होती, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

‘‘माय माह्याजवळ आठ दिवस राह्यली,’’ मावशी म्हणाली. ‘‘एका रात्री सांगितलं सगळं. मी म्हटलं, मग तू गेली कायले सभेले? तर म्हणे, नसती गेली तरी ताप येणारच होता. पन मी गेली नसती, तर तुमाले शाळेत कोन घातलं असतं?’’

मावशीने पुन्हा गॅस पेटवला. मी गप्प बसले होते. मला एक गोष्ट आठवत होती. आमची आजी, जी पुरात पोहायची, ती एका गोष्टीला फार भ्यायची. घरातलं तान्हं मूल कोणी पावसात बाहेर काढलं की ती जिवाच्या आकांताने ओरडायची. माझा मुलगा दोन महिन्यांचा असताना मी त्याला साध्या रिमझिमीत गॅलरीत नेलं, तर तिने मला काय काय बोलून घेतलं! म्हातारी चळली, असं म्हणून मी तेव्हा हसले होते.

मैत्रिणींनो, म्हणून मला वाटतं की, आपल्या आयांच्या, आज्यांच्या धाडसाच्या गोष्टी नुसत्या कौतुकाने सांगून भागायचं नाही. आमच्या पुरवणीतही आठ मार्च आला की आम्ही ‘रणरागिणी’ आणि ‘नवदुर्गा’ काढतो. वाचायला बरं वाटतं. पण ‘सोशिक’ म्हणून जसं तिचं अर्धं आयुष्य खोडलं जातं, तसंच ‘रणरागिणी’ म्हणून उरलेलं अर्धं. तिने त्यासाठी काय मोजलं, कोणाचं ऐकून घेतलं, कोणावर अन्याय केला, कशाला भ्यायली, हे पण लिहायला हवं. आईची लूना लिहायची तर माझी वेणीही लिहायला हवी.

काही जणी म्हणतील, आमच्या आईने असं काही मोठं केलंच नाही हो. चूल आणि मूल. मी सांगते, विचारून तर पाहा. ‘तुझं बालपण कसं होतं’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘कसं असणार, चांगलं होतं.’ तसं विचारू नका. पहिल्यांदा एकटी कुठे गेलीस, ते विचारा. स्वतःची पहिली कमाई किती होती आणि ती कुठे लपवून ठेवली होतीस? (लपवलेली असतेच!) कोणाशी बोलणं सोडलं होतंस? किती लेकरं झाली, असं विचारा, किती आहेत असं नको. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येऊ शकतात, हे मी आता शिकले. पोळ्या लाटताना विचारा, शेंगा सोलताना विचारा. समोर बसवून, मोबाइल तोंडापुढे धरून विचारलं की बाया सगळं गोड गोड बोलतात. मोबाइल बाजूला पालथा ठेवला तरी आवाज येतोच. अर्थात तिला सांगून ठेवा. आणि एखाद्या ठिकाणी ती थांबली, तर तुम्हीही थांबा. मावशीला मी त्या दिवशी त्या मुलीचं नाव विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला विचारलं.

तिला माहीत नव्हतं. आजी त्या रात्रीही ‘मोठी’ एवढंच म्हणाली होती.

जाहिरात शेवटी मीच लिहिली. ‘सोशिक’ काढलं, ‘चंदन’ही काढलं. त्या जागी आलं : ‘लूनावरून गावोगाव जाऊन तीस वर्षं बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाई.’ दादा म्हणाला, शब्द वाढले, पैसे वाढतील. मी म्हटलं, वाढू दे. जाहिरात आली त्या दिवशी सकाळी मौद्याकडून एका अनोळखी बाईचा फोन आला. नंबर जाहिरातीखालचाच. म्हणाली, ‘‘त्या डोंग्यातून आल्या होत्या ना, त्या बाई का?’’ मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘‘मी तेव्हा झालेली. माझी माय अजून आहे. तिला बोलायचं आहे, थांबा, देतो.’’

वहीची चौदा पानं भरली आहेत. पहिल्या पानावर आजीच्या लेकरांची नावं आहेत. एक नंबरवर मी ‘मोठी, १९४१ ते १९४३’ असं लिहिलं आहे, दोन नंबरवर मामा. दादाच्या मुलीने ते पाहिलं आणि विचारलं, ‘‘आत्या, हिचं नाव कुठे आहे?’’